शिवांजलीची पाठ

"पहिलं पदक कुणाचं, वस्ताद?"

"कसलं पदक?"

"कुस्तीतलं. आपल्या शाळेचं. सगळ्यात पहिलं."

शमू वस्ताद आखाड्याच्या कडेला उकिडवे बसून माती चाळत होते. खडा लागला की बाजूला टाकायचे. मान वर केली नाही.

"पिराजीचं," ते म्हणाले.

मी वही उघडली, आणि थांबले. शाळेच्या फलकावर पहिलं नाव नामदेव खोत असं आहे. येतानाच उतरवून घेतलं होतं.

"फलकावर नामदेव खोत आहे."

"आसंल की. फलक पेंटरनं रंगवलाय."

आणखी एक खडा बाजूला पडला.

आमच्या हायस्कूलच्या तालमीला यंदा पन्नास वर्षं होतात. शमशुद्दीन मुल्लाणी पहिल्या दिवसापासून तिथले वस्ताद. सगळं गाव त्यांना शमू वस्ताद म्हणतं. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघणार आहे आणि 'तालमीचा इतिहास आणि यश' हा लेख हेडसरांनी माझ्या गळ्यात घातला. "बाई, तुमचं मराठी चांगलं आहे," म्हणाले. मराठी चांगलं असल्यामुळे आजवर माझ्या वाट्याला निरोपसमारंभाची भाषणं आणि अशीच कामं आली आहेत.

मी मूळची चिपळूणची. ह्यांची बदली झाली म्हणून तीन वर्षांपूर्वी या गावात आले. कुस्तीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की कपड्यांचे डाग निघत नाहीत.

आणि एक गोष्ट. लेख हे निमित्त होतं.

पर्समध्ये, वहीच्या खाली, घडी केलेला अर्ज होता. 'माझी मुलगी ऋजुता, इयत्ता आठवी, हिला तालमीतून मुक्त करावे ही नम्र विनंती.' दुपारच्या सुट्टीत तो मी तीनदा लिहिला. पहिल्या अर्जात कारण दिलं, मानेला दुखापत होण्याची भीती. दुसऱ्यात दिलं, स्पर्धेच्या यादीत तिचं नाव नाही. तिसऱ्यात कारणच दिलं नाही. आधीची दोन्ही एकमेकांची लाज काढत होती.

ऋजुताला यातलं काही माहीत नव्हतं. मुलींचा सराव पाचला सुरू होतो. घड्याळात साडेचार झाले होते. त्याआधी अर्ज देऊन निघायचं, आणि घरी गेल्यावर बघू, असं मी ठरवलं होतं.

'घरी गेल्यावर बघू' हे मी बऱ्याच गोष्टींत ठरवते.

"बरं," मी म्हटलं. "राज्य पातळीवर पहिला कोण?"

"गावातल्या भैरूचा भाऊ. धाकटा. त्येचं नाव…" वस्तादांनी डोळे मिटले. "सदा. सदा नाईक."

मी यादी बघितली. सदा नाईक नव्हताच.

"इथं अशोक घाटगे आहे."

"व्हय. अशोक सदावर तयार झाला."

"सदावर म्हणजे?"

"सदाला पाडून पाडून. चार वर्सं. सदाची मान बैलागत हुती. ती वाकवायला शिकला, मग बाकीच्यांच्या माना म्हंजे काय, गवत."

"वस्ताद, मला पदकं कुणाची ते हवंय."

"तेच सांगाय लागलोय."

मी पेन वहीवर आपटलं. जरा जोरातच. बाहेरून कुणीतरी सायकल लावल्याचा आवाज आला आणि मी दाराकडे बघितलं. कुणी नव्हतं. पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"बाई, बसा की."

"नको. बरी आहे."

"खुर्ची हाय तिकडं."

"उभी बरी आहे मी."

वस्तादांनी चाळण आपटली. लाल मातीत त्यांनी मघाशी ताक ओतलं असावं. सगळ्या खोलीला आंबूस वास येत होता. भिंतीवर मारुतीची तसबीर, खाली उदबत्ती. वस्तादांनीच लावलेली. ते रोज लावतात.

"बरं, आत्ताचं सांगा," मी म्हटलं. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा वर गेला. "शिवांजली पाटील. राज्यात रौप्य. डिसेंबरात."

"व्हय."

"ती कुणावर तयार झाली?"

वस्तादांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"तुमाला ठावं हाय की."

"सांगा ना."

"रुजूवर."

त्यांना ऋजुता म्हणता येत नाही. सुरुवातीला मला राग यायचा. नाव मी शब्दकोशात शोधून ठेवलेलं.

"दोन वर्षं," मी म्हटलं. "दोन वर्षं माझी मुलगी रोज संध्याकाळी शिवांजलीच्या हातून पडते. घरी येते तेव्हा कोपर सोललेलं. एकदा मान तीन दिवस वळत नव्हती. मी काही बोलले नाही. आज यादी लागली. शेहेचाळीस किलोत पुन्हा शिवांजली."

"शेहेचाळीसात शाळंची एकच पोरगी जाती, बाई."

"मग ती एक ऋजुता का नाही?"

वस्तादांनी चाळणीत आणखी एक ओंजळ टाकली.

"ऋजुतानं तिला पाडलंय! मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. शिवांजली पदक घेऊन आली, त्याच रविवारी. मी ऋजुताची कानटोपी द्यायला आले होते. त्या तिथून, खिडकीतून बघितलं. शिवांजली खाली, दोन्ही खांदे मातीला, आणि माझी मुलगी तिच्या छातीवर. तुम्ही शेजारी उभे होतात. सगळी पोरं टाळ्या वाजवत होती."

"व्हय. वाजवत हुती."

"राज्याच्या पदकवालीला पाडणारी मुलगी यादीत नाही. हा कुठला न्याय?"

खरं तर हे सगळं मी असं बोलणार नव्हते. येताना मनात वाक्यं जुळवली होती, त्यात 'आपल्याबद्दल पूर्ण आदर राखून' असं एक होतं.

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. शहात्तर वर्षांचा माणूस. चपला कडेला काढल्या, मातीला हात लावून तो कपाळाला लावला आणि आखाड्यात उतरले.

मधोमध जाऊन ते खाली बसले.

मग आडवे झाले. उताणे. दोन्ही खांदे मातीला टेकवले, हात पसरले आणि छताच्या पत्र्याकडे बघत म्हणाले, "लिवा."

"काय?"

"आजची तारीख घाला. जोशीबाईंनी शमू वस्तादला चीत केलं."

"वस्ताद, उठा. कुणी बघेल."

"बगंना. लिवा."

"अहो, मी कुठं पाडलं तुम्हाला?"

"खांदं टेकल्यात का न्हाई?"

"टेकलेत, पण…"

"तुमी बगितलं का न्हाई?"

मी वर बघितलं.

पत्र्यावर एक कबुतर चालत होतं, त्याच्या नख्यांचा आवाज येत होता.

"बाई," वस्ताद खालूनच म्हणाले, "आता हात द्या. माझं मला उठाय येत न्हाई."

मी सँडल काढल्या. बायकांनी आखाड्यात उतरावं की नाही, हा विचार मनात येऊन गेला. मग आठवलं, माझी मुलगी रोज उतरते. माती गार होती आणि वाटली त्यापेक्षा मऊ. मी दोन्ही हात दिले. त्यांनी जोर लावला तशी मीच पुढं ओढली गेले, जवळजवळ त्यांच्या अंगावर. तिसऱ्या खेपेला ते उठून बसले.

"ताकद हाय तुमच्यात," ते म्हणाले. "नुस्ती लावायची कुटं ते कळंना झालंय."

आम्ही दोघंही तसेच मातीत बसलो. माझी साडी इस्त्रीची होती.

"पिराजीचं सांगू?"

मी मान हलवली.

"नामदेव पदक घेऊन आला तवा गावानं त्येला ट्रॉलीतनं मिरवला. हलग्या, गुलाल, समदं. मीबी नाचलो. पिराजी न्हवता. तीन वर्सं रोज त्येच्या खाली पडल्याला गडी, त्यो मिरवणुकीत न्हवता. माज्या ध्यानातबी आलं न्हाई."

"रागावला होता?"

"राग कसला. मळ्यात मोट सोडून बसला हुता… दुसऱ्या दिशी नामदेव तालमीत आला. लंगोट लावून हुबा. समोर कोन न्हाई. तिसऱ्या दिशीबी न्हाई. मी पिराजीच्या मळ्यात गेलो. म्हणलं, चल. त्यो म्हणला, वस्ताद, पदक आलं न्हवं? माजं काम सपलं."

"मग?"

"मग नामदेव सोता गेला. मळ्यातनं धरून आणला त्येला. हितं उतरवला. आन् हितंच," वस्तादांनी तळहात मातीवर आपटला, "समद्या पोरांम्होरं आडवा झाला. उताना. म्हणला, पिराजी, बस छातीवर."

"आणि पिराजी?"

"पिराजी बसला. मग रडला. मग दोगंबी उठली आन् कुस्तीला लागली."

बाहेर सायकलींची घंटी वाजली. या वेळी खरीच. पण मला उठावंसं वाटलं नाही.

"तवापास्नं ह्यो रिवाज हाय," वस्ताद म्हणाले. "पदक आणल्याला गडी पयला हितं येतो. घराकडं न्हाई, शाळंकडं न्हाई. ज्येच्यावर तयार झाला त्येच्या खाली पाठ लावतो. मगच पदक कपाटात जातं. फलकावर एकेचाळीस नावं हायत न्हवं? एकेचाळीस पाठी हितं लागल्यात."

मला ते कळायला जरा वेळ लागला. म्हणजे लगेच कळलं होतं. पण कळून घ्यायला वेळ लागला.

"शिवांजली स्वतःहून आडवी झाली होती."

वस्ताद मातीतला एक खडा शोधत होते.

"आणि हे सगळ्या गावाला माहीत आहे?"

"गावाला म्हाईत हाय."

त्या सोमवारी मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. अर्धा किलो. "आमच्या ऋजुतानं शिवांजलीला पाडलं हं!" हेडसरांनी पेढा घेतला आणि बराच वेळ चघळला. खेळाच्या मोहितेसरांना ठसका लागला. मी त्यांना पाणी दिलं. लेखाच्या कच्च्या खर्ड्यात मी तो प्रसंग घातला होता, 'ज्योतीनं ज्योत पेटते' असं काहीतरी शेवटी लिहून.

कुणी एक शब्द बोललं नाही. या गावाचा मला इतका राग आला, आणि इतकं… काय ते अजून सांगता येत नाही.

"ऋजुता का नाही बोलली?" मी विचारलं. "मला का नाही सांगितलं तिनं?"

"आली हुती माज्याकडं."

"कधी?"

"त्याच सांजंला. म्हणली, वस्ताद, आईला सांगू नगा."

"का?"

"म्हणली, आई आज मोट्यानं हसली. या गावात आल्यापास्नं पयल्यांदा."

मी पदरानं तोंड पुसलं. पदराला माती होती. ती आता तोंडालाही लागली असणार.

दारात मुली आल्या. पाच-सहा जणी, बडबडत. मला आखाड्यात बसलेलं बघून त्या तिथंच थबकल्या. सगळ्यांत मागं ऋजुता होती, तिच्या खांद्यावर शिवांजलीचा हात.

ऋजुतानं आधी माझ्याकडं बघितलं, मग वस्तादांकडं, मग परत माझ्याकडं. तिचा चेहरा उतरला. मला कळलं म्हणून उतरला, की माझी साडी बघून, देव जाणे.

"आई… तू इथं काय करतेस?"

"लेख," मी म्हटलं. "लेखासाठी आले."

वस्ताद म्हणाले, "आन् पिशवीतला कागद?"

पर्सची चेन उघडीच राहिली होती. अर्जाचं टोक बाहेर आलेलं.

"तो तुमच्यासाठी आहे," मी हळूच म्हटलं.

"कुणाबद्दल हाय?"

"…ऋजुताबद्दल."

"मग तिला द्या. मला चष्मा लागतो."

मी दिला. दुसरं काय करणार होते? ऋजुतानं तिथंच उभ्यानं वाचला. शिवांजली तिच्या खांद्यावरून डोकावायला लागली, मग शहाण्यासारखी बाजूला गेली आणि भिंतीकडं तोंड करून केस बांधू लागली.

"मुक्त कशाला लिहिलंस?" ऋजुता म्हणाली. "मला काय डांबून ठेवलंय?"

"अर्जात तसंच लिहितात."

"कारण दिलं नाहीस."

"सुचलं नाही."

"तूच वर्गात सांगतेस, कारण द्या, दोन गुण."

मला हसू आलं. ऋजुता हसत नव्हती. अर्जाच्या कडेला तिचा अंगठा घट्ट दाबलेला होता, नखाभोवती पांढरा पडलेला.

"खाली सही आहे तुझी," ती म्हणाली. "म्हणजे दिलाच आहेस ना तू."

"ऋजू…"

"उद्यापासून यायचं नाही?"

मी वस्तादांकडं बघितलं. ते तळहाताची माती झाडत होते, जणू त्याहून महत्त्वाचं काम जगात नाही.

"तुझी मान," मी म्हटलं. "मला भीती वाटते गं. रोज वाटते. चार वाजले की वाटायला लागते. आणि… यादी बघितली की दुसरंच वाटतं. तुझं नाव नसतं. दोन्ही वाटतं, मी काय करू?"

एवढ्या मुलींसमोर मी हे बोलायला नको होतं.

ऋजुतानं अर्जाची घडी घातली. घडीवर घडी, अगदी बारीक. माझी मूठ उघडली, त्यात ठेवली आणि मूठ बंद केली. मी तिला लहानपणी शाळेत खाऊ द्यायचे तशी.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण आत्ता मला उशीर होतोय. शिवांजलीला पाय ओढून पट काढायची सवय सुटलीय. पदक मिळाल्यापासून आळशी झालीय ती."

"ए! कोण आळशी?" भिंतीकडून शिवांजली ओरडली.

"तूच! ये की, दाखव!"

वस्तादांना हात देऊन मी आखाड्यातून बाहेर आले. दोघी उतरल्या. मातीला हात लावला, चिमूटभर एकमेकींच्या खांद्यावर टाकली. मग काय झालं मला नीट दिसलं नाही, इतकं ते भरभर झालं. शिवांजली खाली वाकली, ऋजुताचा पाय हवेत गेला.

धप्प.

मी अर्धी आखाड्यात शिरले होते. वस्तादांचा हात आडवा आला. अंगाला लागला नाही, नुसता आडवा आला.

ऋजुता उठली. "परत."

धप्प.

"डावा हात कुटं ठेवलास रुजू?" वस्ताद ओरडले. "तिला दारच उघडं दिलंस!"

"परत!"

या वेळी ऋजुता पडता पडता वळली. शिवांजलीला तिला पाडायला दोन श्वास जास्त लागले. ते मी मोजले. पण शेवटी धप्प झालंच, आणि या खेपेला आवाज मोठा होता.

मी कडेच्या कट्ट्यावर बसले, तिथून घसरून खाली मातीत. मूठ आवळलेली, त्यात तो कागद. डोळे मिटून घेतले. कान काही मिटता येत नाहीत.

कुणी ओरडलं नाही. हसल्याचा आवाज आला की विव्हळल्याचा, कळेना.

"वस्ताद," मी डोळे न उघडता विचारलं. "उठली का ती?"

मातीवर पावलं वाजली.

"वस्ताद… सांगा ना. उठली का?"

"ती कवाच उठली, बाई. खाली तुमीच हायसा."